हवापालट

लेस्टर, ३ मार्च १९९१

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. सुनीतीला बर्मिंगहॅमचं स्थळ आलं आहे. मुलगा डेंटिस्ट, माणसं सोन्यासारखी. ईस्टरला ती मंडळी चहाला येतील. त्याआधीच धाकट्या रश्मीला सहा महिन्यांसाठी मिरजेला माझ्या सासुरवाडीत ठेवावं म्हणतो. तिला अधूनमधून चक्कर येते, तू जाणतेसच. तेवढाच हवापालट होईल. तू तिला समजावून लिही, तुझं ती ऐकते.

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझा,
श्रीकांत

ब्रिस्टल, ९ मार्च १९९१

चि. श्रीकांतास आशीर्वाद, या वेळी जरा हात आखडून.

चक्कर तुला येते, दोन जिने चढलास की. रश्मीला एपिलेप्सी आहे. हा शब्द उच्चारलास तर जीभ झडणार नाही.

आमचं जुनं वेड्यांचं इस्पितळ पुढच्या वर्षी बंद होतंय, म्हणून मी सध्या रेकॉर्ड रूममध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या लावत बसते. त्यात लहान मुलंही आहेत. वेडी नव्हती रे, नुसत्या फिट्स यायच्या. एलन नावाची सात वर्षांची पोर होती. वाचता येतं, स्वभाव आनंदी, असं डॉक्टरानंच लिहिलंय. पानाला तिच्या बापाचं पत्र टाचलंय. थोरलीचं लग्न ठरतंय, तेव्हा धाकटीला थोडे दिवस हवापालटासाठी ठेवून घ्यावं. अक्षर काय सुबक! एलन अडतीसाव्या वर्षी तिथेच वारली. भेटायला आलेल्यांचा रकाना कोरा आहे.

मला वाटायचं, असले बाप व्हिक्टोरिया राणीबरोबर संपले. तू तर सेंट्रल हीटिंग लावून बसलायस! आणि चौदा वर्षांच्या पोरीच्या आजाराला घाबरून पळणारं हे सोनं तुझं तूच पारख. मी तिला काहीही समजावणार नाही. पाठवायचीच असेल तर माझ्याकडे पाठव. मला तिची अडचण होत नाही.

आशाला आशीर्वाद. त्या घरात तिचं काही चालतं का, तेही कळव.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरवेन.
अक्का

लेस्टर, १ एप्रिल १९९१

प्रिय आत्या,
नमस्कार.

मी आणि ताई शुक्रवारच्या कोचने तुझ्याकडे येतोय. का ते सांगते.

तुझा पत्र बाबांनी बिनमध्ये टाकला होता. ताईने काढला आणि मला वाचून दाखवला. मग आई फर्स्ट टाइम ओरडली, म्हणून मिरजेचा तिकीट कॅन्सल झाला.

काल ती लोकं आली. बाबांनी मला वरती टीव्ही बघायला सांगितलं. मी लँडिंगवर बसून ऐकत होती. डेंटिस्टच्या आईनी विचारलं की मुलं किती. बाबा एकदम कॉन्फिडंटली बोलले की एकच मुलगी.

ताई समोसे देत होती. तिने प्लेट खाली ठेवली आणि खूप पोलाइटली त्या बाईंना सांगितलं की बाबा चुकले, त्यांना एकपण नाही.

लोभ ठेव, हा शब्द आईनी सांगितला.
तुझी,
रश्मी