उजव्या खांद्याचा पट्टा

३ मार्च, मंगळवार

खुर्ची! मला खुर्ची देतोय!

चार महिन्यांनी तालमीला गेले, तर भिंतीशी उशी ठेवलेली खुर्ची तयार. कॅप्टन – बँड त्याचा, व्हायोलिन वाजवतो आणि हुकूम सोडतो म्हणून कॅप्टन – लोण्यासारखा आवाज काढून म्हणाला, "तू आपली बसून वाजव. उगाच ताण नको." अरे, अकरा वर्षं बँजो वाजवतेय मी या बँडमध्ये! आमचा माइक एकच, मधोमध. ज्याची पाळी तो दोन पावलं पुढे येतो, वाजवतो, बाजूला होतो. पाचजण असे एकमेकांना चुकवत फिरतो, लोक तेवढ्यासाठी येतात. खुर्चीतलं माणूस पुढे येणार कसं? मी काय भिंतीशी बसून बँजो कुरवाळू?

म्हटलं, चौदा तारखेच्या कार्यक्रमात उभी राहणार. म्हणाला, "बघू." त्याचं "बघू" मला पाठ आहे. गिटारवाल्याच्या मेहुण्याला बँजो येतो, हेही मला माहीत आहे.

४ मार्च, बुधवार

उभी राहणार म्हणायला काय जातं! बँजो पाच किलोचा. पट्टा डाव्या खांद्यावरून जातो आणि ऑपरेशन डाव्याच बाजूचं. स्तन गेला, काखेतल्या गाठी गेल्या. "या खांद्यावर पर्ससुद्धा अडकवायची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आज जुना पट्टा घालून पाहिला. दहा आकडे मोजले आणि डोळ्यांत पाणी आलं. शिवी हासडली. कोणाला, ते ठाऊक नाही.

म्हणजे पट्टा असा हवा, की सगळं वजन एकट्या उजव्या खांद्यावर येईल. दहा दिवसांत.

६ मार्च, शुक्रवार

वाद्यांच्या दुकानात गेले. तिथल्या टायवाल्याने गिटारचा पट्टा पुढे केला. "बटणाला अडकवा, मॅडम." बँजोला बटण नसतं, राजा! त्याच्या गोल घेऱ्याभोवती धातूचे आकडे, म्हणजे हुक असतात, पट्टा त्यांत ओवतात. त्याने बँजो उलटासुलटा केला आणि म्हणतो, "मग भोक पाडून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." तुझ्या डोक्याला पाड, असं तोंडावर आलं होतं. "उद्या येते," म्हणून निघाले. भित्री कुठली!

७ मार्च, शनिवार

नणंद आली. भेट घेऊन. पट्टा! गुलाबी, मऊ, रुंद, वर चंदेरी दोऱ्याने विणलेलं – "झुंजार". म्हणाली, "वहिनी, सगळ्यांना कळू दे तू काय सोसलंस!" मला कोणाला काहीही कळवायचं नाहीये! आणि तो डाव्याच खांद्याचा होता.

चहा दिला. गोड बोलले. ती गेल्यावर भांडी आपटली.

९ मार्च, सोमवार

बसस्टॉपमागे बॅगा दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो. त्याला सांगितलं, फक्त उजव्या खांद्यावरचा हवा. का, ते त्याने विचारलं नाही. "पिशवीसारखा टांगला तर घसरणार, ताई. पिशवी गप्प लटकते. तुम्ही हलणार." मग बराच वेळ नुसता माझ्या खांद्याकडे बघत बसला. चामड्याची खरखरीत बाजू आत घेतो म्हणाला, आणि टोकांना धातूच्या कड्यांऐवजी वादी, म्हणजे चामड्याची दोरी. आकड्यांवर खडखड नको.

१० मार्च, मंगळवार

घसरला. तीनदा. म्हाताऱ्याकडे परत दुरुस्तीला टाकला.

११ मार्च, बुधवार

नवऱ्याने माझ्या बँजोची पाठ काढली!

मी आंघोळीला गेले तेवढ्यात. मागची लाकडी थाळी, चार स्क्रू. वर ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मोजली. "सव्वा किलो कमी झालं बघ!" तोंडभर हसू. अरे, त्या थाळीमुळेच तर आवाज पुढे फेकला जातो! ती नसली तर माइकपर्यंत नुसती टिकटिक पोचेल. बावीस वर्षं या घरात बँजो ऐकतोय हा माणूस!

खूप ओरडले. "माझं एक काढलं तेवढं पुरलं नाही का तुला? आता ह्याचंही काढ!" तो पांढराफटक पडला. स्क्रू गोळा करायला लागला. एक फ्रिजखाली गेला होता, तो गुडघ्यांवर बसून पट्टीने ओढून काढला. वाईट वाटलं मला. पण राग गेला नाही. चार महिन्यांत बँजो उघडून पाहिला ह्याने. मला नाही. मी कपडे बदलायला लागले की ह्याला गॅस बंद करायची आठवण होते.

१३ मार्च, शुक्रवार

पट्टा झाला. पाऊण तास उभी राहून वाजवलं. हलला नाही.

१४ मार्च, शनिवार

घरी आल्यापासून येरझाऱ्या घालतेय. रागाने.

पट्टा उत्तम बसला. उभी राहिले. पहिली पाळी माझी, दोन पावलं पुढे आले – आणि कॅप्टन माइकमध्ये घुसला. "दुर्धर आजारावर मात करून आपल्यात परतलेली आमची लाडकी…" अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्याच टाळ्या. एक सूर वाजवला नव्हता मी! मग वाजवलं. दोनदा बोटं चुकली, चांगलीच चुकली, बहिऱ्यालाही कळावं इतकी. तरी टाळ्या! बाहेर एका बाईने रडत मिठी मारली, नेमकी डावीकडून.

"विचारलं होतंस मला?" मी कॅप्टनला म्हटलं. "वाईट काय बोललो? बघितलंस ना लोकांचं प्रेम! आता प्रत्येक कार्यक्रमात सांगू." खुर्ची परवडली असती. खुर्चीत निदान कोणी बघितलं नसतं.

१५ मार्च, रविवार

कॅप्टनला कळवलं: मेहुण्याला घे.

नवरा म्हणाला, "अकरा वर्षं आहेत, विचार कर." केला.

१९ मार्च, गुरुवार

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कॅफेच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी कोणीही येऊन वाजवतं. गेले. मला कोणी ओळखत नव्हतं. मधेच मॅन्डोलिनवाली एक आजी खेकसली, "ओ बँजो! तिसरी तार उतरलीय तुमची. आणि माइक काय आंदण दिलाय? सरका!"

सॉरी म्हणून सरकले. इतका आनंद झाला, की तार चढवताना खुंटी दोनदा उलटीच पिळली.