राजाची अडीच घरं

उमरेड,
दि. १८ नोव्हेंबर १९८५

चि. गोपिका हिले,

मामानं भाचीच्या पाया पडायचं ही आपल्याकडची रीत, म्हणून आधी कागदावरूनच तुझ्या पाया पडतो, अन् मंग मोठा म्हणून आशीर्वाद देतो. इकडे सारे खुशाल आहेत. तुझ्या मामीचे गुडघे थंडीनं धरले आहेत. हातमाग अजून चालते, अन् मीही त्याच्यासंगं चालून राहिलो. तिकडे मुंबईत बँकेतली नोकरी अन् खेळ सांभाळून वेळेवर जेवतेस ना? पेपरातल्या फोटोत गळ्याची हाडं दिसतात वं तुझी.

एक तारखेच्या नागपूरच्या सत्काराचं कार्ड पोचलं. वर ठळक अक्षरात 'ग्रँडमास्टर कु. गोपिका पराते' अन् खाली 'विशेष उपस्थिती : त्यांचे गुरू श्री. रामाजी हेडाऊ'. तुझ्या मामीनं ते गल्लीत सात घरी दाखवलं. एकीनं विचारलं, ग्रँडमास्टर म्हणजे कोणत्या शाळेच्या मास्तर? मामी म्हणाली, "साऱ्या दुनियेच्या."

तुले वाटत असन, मामानं तुझं बुद्धिबळ पाहणं सोडून दिलं. सोळा वर्षांत मी तुझ्या एकाही स्पर्धेले आलो नाही. तुझ्या बापाशी दिवाळीच्या मानपानावरून भांडण काढलं अन् तेच निमित्त धरून बसलो. पण पोरी, पेपरात आलेला तुझा एकेक डाव मी मांडून पाहिला आहे. ती अक्षरं-आकड्यांची लिपी मले इथल्या शाळेतल्या देवराव मास्तरनं शिकवली. चार वेळा तू देशात पहिली आली, चारही वेळा मी मागाच्या खांबावर कात्रण चिकटवलं. बेलग्रेडले त्या रशियन बाईशी खेळताना तू वजीर देऊन टाकला ना, त्या डावानं तर माझे तीन दिवस खाल्ले. वजीर काहून दिला, काहून दिला, म्हणून डोकं खाजवत बसलो. चौथ्या दिवशी साडीचा काठ विणता विणता एकदम दिसलं : अकरा चाली पुढं तुझं कोपऱ्यातलं प्यादं वजीर होऊन राहिलं होतं. मी माग थांबवला अन् एकटाच हसलो. एवढं लांबचं पाहणारं माणूस मी जन्मात दुसरं पाहिलं नाही.

पेपरवाले लिहितात, ही पोरगी डोळे मिटून सबंध पट पाहते. त्यायले काय माहीत. लहानपणी तू इथं यायची तेव्हा मी मागावर, हात गुंतलेले, अन् तू ओसरीत पटाशी. तू ओरडून चाल सांगायची, मी न पाहता उत्तर द्यायचो. मंग एक दिवस तूच पटाकडे पाठ केली अन् म्हणाली, "मामा, आता दोघंही नाही पाहायचं." नऊ वर्षांची होती तू. त्या दिवशी मी हरलो, अन् नंतर तुझ्याशी कधी जिंकलो नाही.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. कार्डासंगं तू मुलाखतीचं कात्रण पाठवलं. पहिली मोठी हार कोणती, असं त्यांनी विचारलं तर तू म्हणाली : "नागपूरची, अकरा वर्षांची असताना. मामांनी सगळं नीट शिकवलं होतं. नियम मीच विसरले." हे वाचल्यावर मले जेवण गेलं नाही.

तू काही विसरली नव्हती. आपल्या देशी डावात राजाले शह बसला नसन तर त्याले एकदा घोड्यासारखं अडीच घरं उडता येते. मी तेच शिकवलं. त्या स्पर्धेत नियम विलायती. शेवटचा डाव, जिंकत आलेला, अन् तू राजा उचलून अडीच घरं पुढं ठेवला. पंच म्हणाले, ही चाल इथं चालत नाही, पण राजाले हात लागला, आता राजाच हलवा लागते. एकच घर मोकळं होतं, अन् तिथं गेलं की पुढच्या चालीले मात. पोरं हसली. पंचांनी तुले मायेनंच विचारलं, "बाळ, हे तुला कोणी शिकवलं?" तू मान वळवून मागं पाहिलं. मी दारापाशी उभा होतो. तुझी नजर येताना पाहिली अन् मी जिना उतरून उमरेडची बस धरली.

आठ दिवसांनी तुमच्या घरी आलो अन् तुझ्या आईले सांगितलं, पोरगी घाबरली, नियम विसरली. तू तिथंच बसून ऐकत होती. तो ठपका तू अंगावर घेतला. आज एवढी मोठी झाली, तरी माझंच खोटं माझ्यासाठी सांगून राहिली. तुले वाटते, मामा साधा विणकर, त्याले विलायती नियम कुठून माहीत असणार, त्याची लाज कशाले काढा.

माहीत होते, गोपिका. स्पर्धेच्या आधी देवराव मास्तर नियमांचं पुस्तक घेऊन घरी आला होता. म्हणाला, "रामाजी, तिथं राजा उडत नाही. पोरीले सांगून दे." मले राग आला. बापजाद्यापासून खेळतो तो डाव हा मास्तर चुकीचा म्हणते. पुस्तक मी सुताच्या पेटीत टाकलं. तुले सांगाची वेळ आली की जीभ उचलेना. तू मले दुनियेत सगळ्यात हुशार समजत होती. ते समजणं मले सोडवेना, म्हणून मी तुले तशीच त्या हॉलात पाठवली.

परवा नागपूरले नंदनवनात जाऊन तुझ्या आईले हे सारं सांगून आलो. तिनं निवडायची भाजी बाजूले सारली. मंग म्हणाली, "सोळा वर्षं मी पोरीले विसरभोळी म्हणत आली, भाऊ." जेवायले थांब म्हणाली नाही.

दुसऱ्या लेकरानं त्या दिवशी पट गुंडाळून ठेवला असता. तू महिन्याभरात वाचनालयात बसून नवे नियम पाठ केले अन् पुढच्या स्पर्धेत नाव दिलं. तिथून ग्रँडमास्टरपर्यंतचा रस्ता तू माझ्यावाचून चालली. त्याचा मले किती अभिमान आहे, हे सांगायचं तोंडही मी ठेवलं नाही.

म्हणून त्या कार्डावरचं माझं नाव तुले काढा वाटलं तर छापखान्याले कळवून दे. मी वाईट मानणार नाही. नाव राहो नाहीतर जावो, एक तारखेले पहिल्या बसनं मी येतो. मागच्या खुर्चीवर बसीन. या वेळेस तू मान वळवून पाहिलं, तर मी तिथंच असीन.

तुझा मामा, गुरू नव्हे,
रामाजी