मामाच्या साइटवरून

प्रिय आई,

फोनवर तू विचारलंस, अभ्यास कसा चाललाय, आणि मी 'बरा' म्हणून फोन ठेवून दिला. बरा नाहीये.

वर्गातले दिवस मजेत गेले. प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकताना आम्ही कागदावर अख्खा विमानतळ उभा केला, पण वर्गातला पंखा काही शेवटपर्यंत कुणाला दुरुस्त करून घेता आला नाही. सरांचं एकच पालुपद असायचं, काम लांबलं तर लांबू दे, धोका दिसला की तोंड उघडा. मग प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा म्हणून तूच मामाला गळ घातलीस. नव्या शाळेची इमारत तो बांधत होता. त्याने मला लेकीसारखं सांभाळलं, हे मी कधीच नाकारणार नाही. स्वतःच्या डब्यातलं मला वाढायचा, येईल त्याला सांगायचा, "ही माझी भाची, उद्याची साहेब."

तिथे सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायचं काम करणारे एक काका होते. मला 'वेळापत्रकताई' म्हणायचे. काम मागे पडलेलं, वरून तगादा, म्हणून मामाने त्यांना नव्या स्लॅबखालचे टेकू काढायला सांगितले. स्लॅब अजून कच्चा होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, आज नको." तो हसला. "अगं, पुस्तकातला स्लॅब वेगळा, माझा वेगळा." काकाही हसले आणि आत गेले.

पुढचं तू पेपरात वाचलंस. 'एक मजूर दगावला.' ढिगारा उपसणं चालू होतं, तेव्हा काकांची बायको फाटकाशी आली. जो तो ढिगाऱ्याकडे वळला. शेवटी तिने मलाच विचारलं, "ताई, अजून किती वेळ लागेल?" कुठल्या कामाला किती वेळ लागेल, हेच तर मी शिकले होते गं.

चौकशीत मामाने सांगितलंय की काकांनी आपल्याच मनाने टेकू काढले. बाकीचे मूग गिळून बसलेत. पोट त्यांनाही आहे. काल मामा माझ्या खोलीवर आला. नुसता हात जोडून उभा राहिला. मामाला असं बघवत नाही, आई.

उद्या मला साक्षीला बोलावलंय. ऐकलं ते सगळं मी सांगणार आहे. तू म्हणालीस, घरातलं घरात राहू दे. पण घर काकांनाही होतं. तुझ्या भावाचं काय होईल ते मला कळतंय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. त्यानंतर मी घरी येऊ की नको, एवढंच कळव.

तुझीच,
धाकटी