‘वर!’ ओरडणाऱ्याचा मागे राहिलेला पाय

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, राष्ट्रीय फुटबॉल संघाचा माजी मधला बचावपटू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. गेल्या रविवारपासून मात्र मी हादरलेलो आहे. वकीलबाई म्हणाल्या, "हादरलेला माणूसही शुद्धीवर असतो. लिहा."

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. यात कोणी नाक खुपसू नये.

२. माझी शिट्टी व बचावाच्या आकृत्यांच्या सात वह्या मुलीला. ती शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. तिने त्यांना सांगावे की घसरून चेंडू काढावा लागला, म्हणजे आपण उशिरा पोहोचलो. हल्ली राष्ट्रीय संघात बचावपटू घेताना तो पास कसा देतो ते बघतात. समोरच्याला अडवतो का, हे गोल खाल्ल्यावर आठवते.

३. माझ्या शोकसभेत फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना बसू द्यावे, बोलू देऊ नये.

४. 'माझ्या मेहुण्याला काही देऊ नये, अंत्यदर्शनही नाही,' हे आधीच्या मृत्युपत्रातील कलम रद्द. कारण लिहिणे भाग आहे.

मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, आमचा डावऱ्या. राष्ट्रीय संघात तो माझ्या डावीकडे खेळायचा. मी 'वर!' ओरडलो की आम्ही चौघा बचावपटूंनी एकदम पुढे सरकायचे, म्हणजे आमच्या मागे उरलेला प्रतिस्पर्धी ऑफसाइड, त्याचा गोल धरत नाहीत; आमच्यातला एक जरी मागे राहिला तरी डाव फसतो. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात मी ओरडलो, तरी गोल झाला. आम्ही स्पर्धेबाहेर. पत्रकारांना मी सांगितले, "डावऱ्या मागे राहिला." त्याला पुन्हा कधी संघात घेतले नाही. बेचाळीस वर्षे मी त्याला घरात येऊ दिले नाही. पत्नी भावाला भेटायची ती बसथांब्यावर.

रविवारी मुलीने त्या सामन्याचे जुने चित्रण मिळवून लावले. मी म्हटले, "बघ तुझ्या मामाचे प्रताप."

तिने चित्र थांबवले. "बाबा, मामा तर पुढे आहे. हा मागचा पाय कोणाचा?"

पाय माझा होता. डावऱ्या सरकला का हे बघायला मी मान वळवली आणि स्वतः सरकायचाच राहिलो. अकरा वेळा पाहिले. पाय काही हलत नाही.

पत्नी म्हणाली, "मला त्याने तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकलं असतंत?"

५. माझी राष्ट्रीय संघाची जर्सी डावऱ्याला. (खोडले. कारण पुढीलप्रमाणे.)

आज त्याला बोलावले. तो दारातच उभा राहिला. मी हे सगळे तिथेच वाचून दाखवले.

"जर्सी ठेवा दाजी. माझी आहे घरी. याला साक्षीदार कोण?"

वकीलबाईंनी समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. जर्सी किंवा सही, एकच.

"मग सही," असे म्हणून तो आत आला.

जर्सीही मुलीलाच.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १३ मार्च, बुधवार

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: शेजारचे दंतवैद्य (सही)

साक्षीदार २: पत्नीचा भाऊ (सही)
वाचले. चौथे कलम बरोबर आहे.