मैदानाचं नाव आणि डेलचं डोकं

टॅनर्स फोर्क, ओहायो
सोमवार, ७ ऑक्टोबर

प्रिय डेल,

मी तुझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा, म्हणून आधी आशीर्वाद. आणि तू अजून माझ्यापेक्षा देखणा (हे माझ्या बायकोचं, डोरीनचं मत, माझं नाही), म्हणून त्यानंतर नमस्कार. ऑरेगॉनची हवा तुला मानवत असेल, ट्रूडी तुला वेळेवर जेवायला घालत असेल आणि तू मुलीचं ऐकून ते निमूट जेवत असशील, अशी आशा करतो. डावा गुडघा काय म्हणतो? माझा उजवा जूनमध्ये बदलून घेतला. आता तुझे माझे अवयव एकत्र केले तर एक माणूस बऱ्यापैकी चालू शकेल. डोरीन बरी आहे. कुत्रा बरा आहे. मीही बरा आहे, निदान माझं म्हणणं तसं आहे.

पत्र लिहायला तसं खास कारण नाही. गावात काय चाललंय ते तुला कळवावं, एवढंच. तर आपल्या कॉलेजने फुटबॉलच्या मैदानावरचं गवत उपटून नवं बसवलं (खोटं गवत, त्यावर आपटलं तर तोंडात मातीसुद्धा जात नाही), आणि या नव्या मैदानाला जुन्या क्वार्टरबॅकचं नाव द्यायचं ठरवलं. म्हणजे दोघांपैकी एकाचं: तुझं नाही तर लायल पिंकस्टनचं. चार वर्षं तू चेंडू फेकलास, लगेच तुझ्यामागून चार वर्षं लायलने फेकला, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत चेंडू नीट फेकता येणारा माणूस या कॉलेजात शिरलाच नाही, इथवर गावाचं एकमत आहे. पुढे ते संपतं. कॉलेजवाल्यांनी हुशारी करून निर्णय जुन्या खेळाडूंवर आणि त्यांच्या घरच्यांवर टाकला. रविवारी चर्चनंतर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भाषणं आणि मतदान, अशी चिठ्ठी सगळ्यांना आली, आणि दर गुरुवारी नाश्त्याला जमणाऱ्या आम्हा नऊ म्हाताऱ्यांमध्ये महिनाभर कडाक्याची जुंपली.

तुझी बाजू अर्थातच माझ्याकडे. चार वर्षं मी ओणवा होऊन दोन पायांच्या मधून तुझ्या हातात चेंडू दिला, त्यामुळे तुझ्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाला असणार? (खरं तर त्या चार वर्षांत मी तुला बहुतेक वेळा उलटाच पाहिला. तू फेकलेला चेंडू हवेत असायचा तेव्हा माझ्या छातीवर कुणीतरी बसलेलं असायचं, आणि लोक ओरडले की मला कळायचं, पोहोचला वाटतं.) लायलची बाजू गस सार्व्हिसकडे. तो लायलचा सेंटर, म्हणजे मी तुला चेंडू द्यायचो तसा तो लायलला द्यायचा. त्याची मान आता वळत नाही, त्यामुळे नुसतं नाही म्हणायचं तरी खांद्यापासून सगळं अंग हलवतो. अॅशबरी कॉलेजविरुद्धच्या सामन्यातल्या तुझ्या त्या शेवटच्या फेकीचा विषय निघाला. मी म्हणालो, पन्नास यार्ड. गस म्हणाला, तीस, आणि वारा पाठीशी होता. मी म्हणालो, अरे बर्फ पडत होतं. तो म्हणाला, चांगलं ऊन होतं, मला डोळ्यांवर हात धरावा लागला. कॉफी वाढणाऱ्या बाईने शांतपणे विचारलं, "गस, तुम्ही त्या वर्षी अजून शाळेतच होतात ना?" गसने माझ्या बशीतला बटाटा उचलून खाल्ला. पण डेल, पुढच्या गुरुवारी मीच पन्नासचे साठ केले. त्याच्या पुढच्या गुरुवारी सत्तर. आणि प्रत्येक वेळी ते मला तितकंच स्वच्छ दिसत होतं.

हे डोरीनच्या कानावर गेलं. तिने मला काही न विचारता स्मरणशक्तीच्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं. डॉक्टर ओकाफोर म्हणून आहेत, वयाने माझ्या नातीएवढ्या, आणि नजर मात्र आपल्या जुन्या कोचसारखी. तिथे पाच शब्द सांगतात आणि दहा मिनिटांनी परत विचारतात, हे मला गसकडून आधीच कळलं होतं (तो नापास झाला होता, म्हणूनच त्याला परीक्षा इतकी पाठ). तेव्हा मी तयारीनिशी गेलो. लांब बाह्यांचा सदरा घातला आणि आत मनगटावर पांढरी पट्टी चिकटवली, तुम्ही क्वार्टरबॅक लोक डावपेच लिहून ठेवायचात तशी. बाई कॉम्प्युटरकडे वळल्या तेवढ्यात पाचही शब्द टिपून घेतले. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, मी खोकल्याचं निमित्त करून बाही वर केली, आणि माझ्या लक्षात आलं की चष्मा गाडीत राहिलाय. शिडीच्या जागी मी शेळी म्हणालो. लिंबाच्या जागी लांब. पुढचे तीन शब्द तर घामाने पुसलेच होते. बाईंनी माझा हात हातात घेतला, पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "मिस्टर क्रूपा, अक्षर छान आहे तुमचं."

मग त्यांनी विचारलं, डोक्याला मार किती वेळा बसला? मी म्हणालो, दोनदा. डोरीन खोकली. (तिचा खोकला खरा नव्हता.) मी म्हणालो, बेशुद्ध पडलो ते दोनदा. बाई म्हणाल्या, बेशुद्ध पडण्याचं नाही विचारत. डोळ्यांपुढे तारे चमकले, कानात शिटी वाजली, हेल्मेटवर हेल्मेट आपटलं, असं किती वेळा? मी म्हणालो, असं होय, ते तर प्रत्येक डावाला. सेंटरचं कामच ते, चेंडू मागे द्यायचा आणि डोकं पुढे घालायचं. बाईंनी कागद घेतला. एका सामन्यात साठ डाव, वर्षाला दहा सामने, शाळेची चार वर्षं, कॉलेजची चार, शिवाय रोजचा सराव. गुणाकार करून कागद माझ्यापुढे सरकवला. आकडा पाच अंकी होता. मला वाटलं, आता अभिनंदन करणार. डोरीनने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि गाडी चालवायला स्वतः बसली. बावन्न वर्षांच्या संसारात असं कधी झालेलं नाही. मला नेमकं काय झालंय हे अजून तरी कुणी नक्की सांगत नाही. विसरभोळेपणा आहे, पुन्हा या, इतकंच.

तर रविवार. हॉल भरला होता. बायकांनी घरी भाजलेल्या गोड पाई आणि बीन्स आणले होते (डोरीनची रूबार्बची पाई सगळ्यात आधी संपली, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय). पहिलं भाषण माझं. मी अॅशबरीचा सामना सांगितला. तिसऱ्या सत्रात तुला त्यांच्या दोघांनी दोन बाजूंनी कसं चेपलं, तू उठलास आणि सरळ त्यांच्याच घोळक्यात जाऊन कसा उभा राहिलास, आणि त्यांचा कप्तान पुढचा डाव समजावत असताना तू कशी मान डोलावत होतास. मग मी तुला दंडाला धरून बाहेर आणलं. आपल्या मालिशवाल्याने नाकाशी अमोनियाची बाटली धरली आणि विचारलं, देशाचा अध्यक्ष कोण? तू म्हणालास, "कोण का असेना, मी त्याला मत दिलेलं नाही." तो म्हणाला, शुद्धीवर आहे, पाठवा आत. हॉल पोट धरून हसला. आणि मग ती फेक. मी साठ यार्डांवर तडजोड केली. त्या दिवसातलं तुला काहीही आठवत नाही, सामना, बस, घरी आलास ते, काहीच नाही, हे तू मला एकदाच सांगितलं होतंस, तुझ्या लग्नाच्या दिवशी, टाय बांधताना. ते मी हॉलमध्ये सांगितलं नाही. ते तुझं माझं आहे.

गसनेही लायलच्या बाजूने असंच भाषण केलं. लायल अर्धा सामना उलट्या करत खेळला आणि तरी तीन टचडाउन केले, वगैरे. पुन्हा हशा. तेवढ्यात मागच्या रांगेतून लायलची बायको आयोना पिंकस्टन उठली. लायल गेल्या फेब्रुवारीत गेला हे तुला कळवलं होतं. कसा गेला ते कळवलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. ती पुढे आली नाही, जागेवरूनच बोलली, आणि आवाजही चढवला नाही. म्हणाली, "तो गेल्यावर त्याचा मेंदू मी डॉक्टरांना तपासायला दिला. त्यांचं पत्र आलंय. त्यांनी लिहिलंय ते मला घरात सहा वर्षं दिसतच होतं. मी समोर बसलेली असायचे आणि तो मला विचारायचा, आयोना कधी येणार? मी म्हणायचे, येईल आता. तो म्हणायचा, ती आली की तुम्ही गेलात तरी चालेल." मग म्हणाली, "नाव कुणाचंही द्या. मला फक्त एक बघायचंय. आत्ता ज्या गोष्टींवर हसलात, तशी गोष्ट तुमच्यापैकी किती जणांच्या बाबतीत घडली? हात वर करा."

डेल, सगळ्या जुन्या खेळाडूंचे हात वर गेले. एकही खाली राहिला नाही. गसचा हात खांद्याच्या वर जात नाही, तर त्याच्या बायकोने तो धरून वर केला आणि तसाच धरून ठेवला. आयोनाने सगळीकडे एकदा पाहिलं, "बरं," म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर कुणालाच भाषण करायचं नव्हतं. कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, राहिलेली पाई खाल्ली आणि आपापल्या घरी गेलो.

इकडचं सगळं हे असं आहे. ट्रूडीला माझा आशीर्वाद सांग. पानं रंगायला लागली आहेत, अंगण झाडायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून इथेच पुरे करतो.

तुझा,
वेंडेल क्रूपा

ता. क. निकाल लिहायचा राहिला. लायल जिंकला. एक्केचाळीस विरुद्ध चाळीस.

ता. क. २. ते एक मत माझं होतं. तू चिडशील म्हणून वर लिहिलं नाही. तुझा हात लायलपेक्षा चांगला होता, हे मी गसला मरेपर्यंत ऐकवत राहीन. पण आयोनाला काहीतरी द्यायला हवं होतं, आणि आमच्यापाशी देण्यासारखं मैदानाखेरीज काही नव्हतं.

ता. क. ३. पत्राला खास कारण नाही, हेही खरं नाही. ट्रूडीचा फोन आला होता. तू गाडी शेजाऱ्याच्या फुलझाडांत घातलीस आणि दोन तास आत बसून राहिलास, हे तिने सांगितलं. डॉक्टरचं नाव काढलं की तू तिच्यावर ओरडतोस, हेही सांगितलं. ती रडत होती, डेल. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. डॉक्टर ओकाफोरांकडे चोवीस तारखेला, गुरुवारी, अकरा वाजता दोन नावं घातली आहेत, तुझं आणि माझं. मला तिथे परत एकट्याने जायची भीती वाटते. हे मी डोरीनला सांगितलेलं नाही. विमानाचं तिकीट ट्रूडीकडे आहे, बावीसला निघायचं. पाहुण्यांच्या खोलीतली गादी डोरीनने उन्हात घातली आहे. पत्राने नकार कळवू नकोस. नाही म्हणायचं असेल, तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.