ग्रुपवर माह्यं रक्त

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

माह्या रक्ताचा निकाल मले हिरालालनं सांगितला. किराणावाल्यानं! साखर तोलता तोलता म्हने, "जिजाबाई, खुशखबर! तुमची सिकल नार्मल हाय."

मी म्हटलं, "काऊन गा, आता तू तराजूत रक्तबी तोलतं का?"

दुकानातले सारे हासले. मीही हासली. मंग त्यानं मोबाईल पुढं केला.

गावाच्या ग्रुपवर पूर्ण यादी! आशाताईनं टाकलेली, आपल्या पौर्णिमानं. शनिवारीच. रक्ताच्या सिकलसेल आजाराच्या शिबिरात तपासाले रक्त देनारे दोनशे बारा जन. नाव, वय, फोन नंबर, अन् पुढं खुल्लमखुल्ला — कोन नार्मल, कोन वाहक, कोनाले आजार. वर लिवलं — सर्वांनी आपापले कार्ड घेऊन जावे. अन् जोडलेले हात!

साखर तिथंच राह्यली.

त्याच दिवशी, दिवाबत्तीच्या वक्ताले

मी तपासाले जातच नव्हती. नऊ वर्सं टाळलं. कधी ताप आला म्हटलं, कधी वावरात पळाली, एकदा त संडासात जाऊन बसली. यंदा पौर्णिमा घरीच आली सुई घेऊन. "मावशी, कोनी म्हंजे कोनी पाहनार नाई. तुमच्या फोनवर ओटीपी येईन, त्याच्याबिगर कुलूपच उघडत नाई. पन ओटीपी कोनाले सांगू नका हं!" नाई सांगितला बाई. पदराआड धरून वाचला — नवी नवरी चिठ्ठी वाचते तसा. अन् हिनं कुलूप तसंच ठेवून भिंतच पाडली!

काऊन पळत होती, थे इथंच लिवते. दुसरीकडं कुठंच नाई.

मयुरी माह्या पोटची नाई. माही धाकटी नणंद बाळंतपनात गेली. आम्ही तवा जाम गावाले राहू, हायवेवर ह्यांचं चहाचं दुकान होतं. आठ दिवसाची पोर मी उचलली. तिच्या बापानं दुसरं लगन केलं, पुन्हा फिरून पाह्यलं नाई. वर्षाभरानं इथं आंजीले आलो. गाव म्हने जिजाबाईची पोरगी. मीही म्हटलं, हो. हे म्हनत, दहावी झाली की सांगू. मंग म्हनत, बारावी. मंग हेच गेले.

मयुरीले लहानपनापासून सिकल हाय. आजारवाल्यांचं लाल कार्ड. अन् लाल कार्डाच्या लेकराले थे माय अन् बाप दोघांकडून आलेलं असते, एकट्याकडून नाई. पौर्णिमाच बायांच्या मीटिंगमधी बोटं मोजून समजावते. यादीत माह्यापुढं लिवलं हाय नार्मल. मयुरी वर्ध्याले नर्सिंग शिकते, दुसरं वर्स. तिले बोटं मोजाचीबी गरज नाई.

ग्रुपमधी थे नाई. पन तिची मैत्रीण रक्षा हाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पौर्णिमाले धरली. "काढ वं थे यादी! आत्ताच्या आत्ता!"

"मावशी, आता सगळ्यांच्या फोनमधून नाई निघत. टाइम गेला."

"मंग टाकली काऊन?"

"घरोघरी फिरून पाय तुटले माह्ये. दोनशे कार्डं! म्हटलं एकदम होऊन जाईन."

रडाले लागली. पोरगी वाईट नाई, त्याचाच त राग हाय! वाईट असती त झिंज्या धरल्या असत्या. आता कोनाच्या धरू?

शेजारचा बाबाराव ओट्यावरून बोलला, "जिजाबाई, तुमचं त नार्मल हाय. तुम्ही काऊन बोंबलून राह्यल्या?" मी म्हटलं, "बाबाराव, तुमच्या मूळव्याधीचा फोटो टाका ना ग्रुपवर. आम्ही सारे अंगठा दाखवू!" उठून घरात गेला.

पन हासू किती यावं? प्रमिलाबाईच्या रक्षाचं लगन जमत आलतं. यादीत थे वाहक. पोराकडच्यांचा फोन आला — विचार करून सांगतो म्हने. आंजीची यादी पोराच्या पुलगावले कशी पोचली? पोराचं रक्त कोनी तपासलं का? नाई! पोरीचं तेवढं ग्रुपवर.

रातच्याले मयुरीचा फोन आला. जेवली का, गुडघा कसा हाय. बस. दुसरं काई नाई. वाचली!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजबी फोन आला. "आई, आवाज असा काऊन?" म्हटलं, सर्दी हाय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वर्ध्याले गेलती, तक्रार द्याले. आरोग्य खात्याच्या ऑफिसातल्या बाबूनं फारम देला. तीन पानं! सातवी शिकलेल्या बाईनं सारं भरलं. एकच रकाना राह्यला — झालेले नुकसान.

"हे भरा मावशी. रिकामं असलं त अर्ज पुढं सरकत नाई."

"अन् लिवलेलं वाचनार कोन?"

"मी. मंग साहेब. मंग आमचा ऑपरेटर, थो कम्प्युटरवर चढवते. मंग वरचे."

"म्हंजे माही गोष्ट फुटली, याची तक्रार कराले मीच थे चार जनाले सांगू?"

बाबूनं फारम पुन्हा माह्यापुढं सरकवला. "नियम हाय जी."

मी म्हटलं, "तुमची बायको लई सुखी असन बाप्पा. घरात काई झालं की पयले फारम भरून घेत असान."

दाराशी उभा एक शिपाई गालातल्या गालात हासला. पन फारम माह्या पिशवीत वापस आला, रकाना तसाच कोरा.

मयुरीचं होस्टेल तिथून दहा मिनिटांवर. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. उभी राह्यली. वापस फिरली. नऊ वर्सं सुईले भ्याली, आता पोरीले भेते! माह्याच घरातली गोष्ट, अन् मलेच तोंड लपवा लागते. यादी टाकनारे खुशाल फिरून राह्यले.

रविवार, १६ नोव्हेंबर

मयुरी सकाळच्या गाडीनं आली. रक्षानं यादी तिले पयल्याच दिवशी धाडलती. आठ दिवस पोरीले माईत होतं — अन् आठही दिवस तिनं जेवली का, एवढंच विचारलं.

माह्या पिशवीतला फारम तिले दिसला, तिनंच काढला. माह्या हातातून पेन घेतला. नुकसानाच्या रकान्यात लिवलं — माझी आई जे मला स्वतः सांगणार होती, ते गावाने आधी सांगितले.

म्हने, "इथं सही कर, आई. अन् मंग बस. पयल्यापासून सांग."