डोळे आखणाऱ्याची निरवानिरव

मी, तुळशीदास गोविंद चिंदरकर, वय वर्षे एकाहत्तर, जन्म मालवणी मुलखातला, धर्म ख्रिस्ती, राहणार भोईवाडा, परळ, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी पत्नी कमल हिचं याबाबत मत वेगळं आहे, पण ते लग्नापासूनच वेगळं आहे आणि कायद्याने त्याची दखल घेण्याचं कारण नाही.

मजकूर मी सांगतो आणि चैत्राली लॅपटॉपवर उतरवते. चैत्राली ही माझ्या थोरल्या भावाची, दत्ताराम यांची नात. लालबागचा आमचा गणपतीचा कारखाना आता तीच बघते. मधली विषयांतरं गाळायची नाहीत असं मी तिला बजावलं आहे. खालच्या मजल्यावरच्या वकील दीपिका नाईक म्हणाल्या की विषयांतराला कायद्याची मनाई नाही, फक्त कोणाला काय ते स्वच्छ लिहिलेलं असावं. तर स्वच्छ लिहितो.

कलम पहिले. राहत्या खोलीचे सर्व हक्क, भांडीकुंडी आणि पोस्टातली ठेव कमलकडे जावी. अट कोणतीही नाही. तिचा देव्हारा पूर्वेच्या भिंतीला आहे तो तिथेच राहील, आणि माझा क्रूस दारावर आहे तो तिला वाटलं तर राहील. बाप्तिस्मा मी एकट्याने घेतला. त्या दिवशी घरी आलो तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. मी दारातच उभा राहिलो, आत येऊ की नको अशा विचारात. ती मान वर न करता म्हणाली, "तुमचो देव तुमका गावलो, माझो माझ्याकडे आसा. भाकरी एकाच तव्यार होतली. हात धुवा." एवढ्यावर आमचा संसार चालला आणि चांगला चालला. तिच्यावर माझा फार जीव आहे. हे मी तिला कधी म्हटलेलं नाही, म्हणून वकीलबाईंच्या समक्ष म्हणतो.

माझी आरामखुर्ची शेजारच्या कल्पेशला देणार होतो. पण त्याला साक्षीदार म्हणून घेतलं, आणि वकीलबाईंनी सांगितलं की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. दिलेलं असलं तरी रद्द होतं. कल्पेशने तत्काळ खुर्चीवर पाणी सोडलं. खुर्ची करकरते, हे त्याला भिंतीपलीकडून ऐकू येत असणार.

कलम दुसरे. हे देण्याघेण्याचं नाही, रागाचं आहे. मी नवा होतो तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला दोन गोष्टी करायला सांगितल्या. कमलचा देव्हारा बाहेर काढ आणि तुझ्याकडचा तो मूर्तीचे डोळे आखायचा ब्रश मोडून टाक. मी दोन्ही केलं नाही. त्यांनी वर्षभर मला प्रभुभोजनाच्या विधीला बसू दिलं नाही. मी मागच्या बाकावर बसून लोकांच्या पाठी बघायचो. भावाने घराबाहेर काढलेलं, मंडळीने मागे बसवलेलं, तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं, असे ते दिवस होते. ते गृहस्थ आता प्रभूपाशी आहेत म्हणून नाव घेत नाही. त्यांना मी क्षमा केली आहे. पुन्हा पुन्हा करावी लागली, कारण पहिल्यांदा नीट बसली नव्हती.

कलम तिसरे. खारीच्या केसांचा, बांबूच्या दांड्याचा बारीक ब्रश, माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेला, माझे थोरले बंधू दत्ताराम यांना द्यावा. हा ब्रश डोळ्यांची आखणी करायचा आहे. तो माझ्याकडे कसा आला, हे सांगितल्याशिवाय हे कलम पुरं होणार नाही.

आमचा कारखाना म्हणजे बांबू, ताडपत्री आणि श्रावणभर नाकातून न जाणारा ओल्या रंगाचा वास. मूर्ती घडवायचा दत्तादादा, डोळे आखायचो मी. मूर्तीचं बाकी सगळं झालं की शेवटी डोळे. आमच्या घरची रीत अशी की हंगामातला पहिला डोळा उघडण्याआधी थोरल्याने गाऱ्हाणं घालायचं आणि मग धाकट्याने ब्रश उचलायचा. दादा हात जोडून म्हणायचा, "बा देवा म्हाराजा, आज ह्यां लेकरू तुका डोळे देता हा, काय चुकला-माकला तर पोटात घाल." सगळे कारागीर म्हणायचे, "व्हय म्हाराजा." मग मी श्वास रोखून रेघ ओढायचो. त्या क्षणी कारखान्यात कोणी खोकतसुद्धा नसे. मला ते दिवस अजून फार आवडतात.

एका हंगामात असं झालं. दुपार होती. दादा मंडळाच्या माणसांशी बोलायला बाहेर गेला होता, कारागीर जेवायला. ताडपत्रीतून पिवळा उजेड गाळून येत होता, आणि त्या उजेडात रंगाची धूळ इतकी हळू तरंगत होती की ती पडते आहे की वर चढते आहे, सांगता येईना. माझ्याभोवती मूर्तीच मूर्ती, सगळ्या बिनडोळ्यांच्या. मी ब्रश रंगात बुडवला आणि एकाएकी जाणवलं की कोणीतरी माझ्याकडे बघतं आहे. मागे वळलो. कोणी नव्हतं. डोळे असलेला त्या जागेत मी एकटाच, आणि तरी माझ्याकडे बघितलं जात होतं. रागाने नव्हे, परीक्षेनेही नव्हे. पोराच्या ताटात भात उरला आहे का ते आई बघते, तसं. ब्रशच्या टोकावर रंगाचा थेंब वाळून गेला. मला झोप लागली होती असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही. झोपलेल्या माणसाकडेही बघता येतं.

मी उठलो आणि चालू लागलो. परळ गेलं, दादर आलं. रस्त्यात माणसं होती, पण त्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. एका चर्चचं दार उघडं होतं. आत पंखा दिसला म्हणून बसलो, भक्तीने नव्हे. चार बायका बसल्या होत्या आणि एक गृहस्थ त्यांना गोष्ट वाचून दाखवत होते. एक जन्मांध असतो. येशू जमिनीवर थुंकतो, माती कालवतो आणि ती त्याच्या डोळ्यांवर लावतो. तो डोळे धुतो, आणि त्याला दिसायला लागतं. माती कालवणं मला ठाऊक होतं. थुंकी लावून ब्रशला टोक काढणंही ठाऊक होतं. जन्मभर मी मातीला डोळे देत आलो होतो, आणि इथे कोणी मातीनेच डोळे देत होता. दुपारी माझ्याकडे कोण बघत होतं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने गाऱ्हाण्यासाठी हात जोडले आणि मी ब्रश उचलला नाही.

"काय झाला?" दादा म्हणाला.

"दादा, माझ्याच्यान आता डोळे आखूक जमाचां नाय."

"कित्याक?"

"जो माका बघता हा, तेका मी डोळे खंयसून देऊ?"

दादाने जोडलेले हात सोडले. मग म्हणाला, "मंडळाची मूर्ती उभी हा, चतुर्थी तोंडार इली, आनि तुका आजच देव गावलो?"

त्याचं बरोबर होतं. देवाला हंगाम कळत नाही असं तेव्हा मलाही वाटलं. मूर्तींना मी नावं ठेवली नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ज्या मातीत हात मळले तिला नावं ठेवणारा माणूस कृतघ्न. पण हात उचलेना, त्याला मी काय करू. त्या वर्षी दादाने स्वतः डोळे आखले. सवय नव्हती. मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा किंचित खाली गेला. लोक म्हणाले, यंदा देव रुसलाय, आणि दादाला तोंड लपवावं लागलं. माझा बाप्तिस्मा झाल्याचं कळलं तेव्हा त्याने हा ब्रश माझ्या अंगावर फेकला. "घे तुझे डोळे, आनि चल. तू मेलस तरी मी खांदो देवचंय नाय."

त्याला आता तीन तपं होतील. मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि फ्लेक्स आले तेव्हा दादरला एका चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या. डोळ्यांनी माझी पाठ काही सोडली नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवर जाऊन बसायची मला सवय लागली. ओहोटीला वाळूत कुठे एखादं बोट दिसायचं, कुठे कानाची पाळी. डोळे कधी सापडले नाहीत, रंग सगळ्यात आधी विरतो. मला वाटायचं, मी आखलेले सगळे डोळे खाली पाण्यात उघडे आहेत आणि होड्यांचे तळ बघत आहेत. तिथे मी प्रार्थना करायचो, आणि ती गाऱ्हाण्याच्या चालीवरच यायची. अजूनही येते. 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू होते आणि 'आमेन'च्या जागी 'व्हय म्हाराजा' येतं. आताचे पाळक गौतम शेगावकर यांनी एकदा ऐकलं. म्हणाले, चालेल.

दरवर्षी मिरवणुकीत आमच्या कारखान्याची मूर्ती यायची आणि मी लालबागच्या फुटपाथवर उभा राहून तिचे डोळे बघायचो. हळूहळू दादाचा हात बसला. आता त्याची रेघ माझ्याहून चांगली आहे. हे त्याला तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून इथे नोंदवतो. ब्रश त्याचा आहे. मी दर पावसाळ्यात खोबरेल लावून जपला आहे.

कलम चौथे. मला दहन करू नये, पुरावं. जन्मभर माती मळली, तेव्हा तिच्यात जायला मला संकोच नाही. शिवडीला मंडळीची व्यवस्था आहे. पेटीला सहा खांदे लागतात. पाच जण पाळकसाहेब देणार आहेत. पुढची उजवी बाजू मोकळी ठेवावी. वडील गेले तेव्हा तिरडीला पुढे उजवीकडे दादा होता आणि डावीकडे मी. दादा आला नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला देऊ नये, तसंच चालावं. पेटी एका अंगाला कलेल. कलू दे. उजवा डोळा खाली गेलेली मूर्ती लालबागने पाहिलेली आहे.

हा हुकूम नाही. मृत्युपत्रात विनंती चालते का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चालते, पण कोर्ट ती बजावू शकत नाही. मला येशूच्या मागे गेल्याचा पस्तावा नाही. सगळं पुन्हा घडलं तर मी पुन्हा तसाच उठून चालू लागेन. पण दादा नसलेली ती जागा मला रोज जाणवली आहे.

कलम पाचवे. वर न लिहिलेलं जे काही उरेल ते कमलचं.

शेवटचं कलम. सही होण्याआधी हे हाताने जोडलं आहे, अक्षर वकीलबाईंचं.

चैत्रालीने वरचा मजकूर काल तिच्या आजोबांना वाचून दाखवला. मला विचारलं नव्हतं. आज सकाळी ऐन हंगामात दत्तादादा हातातलं काम टाकून, गुडघे धरत दोन जिने चढून आला. या खोलीत तो पहिल्यांदाच आला. कमलने चहा ठेवला. पाळकसाहेब आणि कल्पेश बसले होते. दादा देव्हाऱ्याकडे आणि दारावरच्या क्रूसाकडे बघून खुर्चीत बसला. खुर्ची करकरली.

"साक्षीदार कोण?" त्याने विचारलं.

"पाळकसाहेब आणि हा कल्पेश," मी म्हणालो.

"भाव जितो असताना साक्ष शेजाऱ्याची?"

वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही सही केलीत तर तो ब्रश तुम्हाला मिळणार नाही. आपल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम नाही, ख्रिस्ती माणसाच्या आहे."

"म्हंजे ह्याच्या धर्माचो भुर्दंड म्हातारपणी माका?"

"हो, तसंच."

दादाने ब्रश मागितला. जिभेवर ओला करून टोक काढलं आणि उजेडात धरलं. ब्रशला असं टोक काढताना वडिलांनंतर मी त्यालाच पाहिलं. मग ब्रश कमलच्या हातात दिला आणि पेनासाठी हात पुढे करत म्हणाला, "केस शाबूत आसत. तो पेन हाड हय."

दादा आता साक्षीदार आहे, तेव्हा कलम तिसरे कायद्याने रद्द समजावं. ब्रश कलम पाचप्रमाणे कमलकडे जाईल, आणि तिथून तो कोणाच्या हाती जावा हे तिला सांगायची गरज नाही. कल्पेश साक्षीदार राहिला नाही, म्हणून खुर्ची त्याला. तो नको म्हणतो आहे. त्याचं ऐकू नये.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

तुळशीदास गोविंद चिंदरकर
भोईवाडा, परळ, मुंबई
दिनांक २ ऑगस्ट २०२५

साक्षीदार एक: वरील सही माझ्यासमोर झाली. गौतम शेगावकर, पाळक.

साक्षीदार दोन: तुळशीदासने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर आहे. लहानपणापासून हट्टी आहे. कलम चार मी ऐकलं. पुढची उजवी बाजू मोकळी ठेवू नये, तिथे मी असेन. पण मी थोरला आहे. मी आधी गेलो तर पुढची डावी बाजू त्याची. घरी तसं सांगून आलो आहे.
दत्ताराम गोविंद चिंदरकर